रिपोर्ट हातात, मगच पाना हातात

वाचकांचे प्रश्न : रीकंडिशन केलेले डिझेल इंजेक्टर

इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग. कॉमन रेल इंजेक्टर (रेल या सामाईक नळीतल्या दाबावर, विजेच्या इशाऱ्याने उघडणारे) आणि ट्रॅक्टर-पंपाच्या इंजिनातले जुने मेकॅनिकल इंजेक्टर यांची परीक्षा अगदी वेगळी असते. म्हणून कोणतं उत्तर कशाबद्दल आहे, ते प्रत्येक ठिकाणी सांगितलं आहे.

माझ्या चार सिलिंडरच्या कॉमन रेल पिकअपला सकाळी सेल्फ फार मारावा लागतो. चारही इंजेक्टर 'रिटर्न मारतात' (म्हणजे बरंच डिझेल परतीच्या नळीने टाकीकडे पाठवतात) असं डिझेल लॅबने सांगितलं. नवीन सेट परवडत नाही. रीकंडिशन सेट दोन ठिकाणी मिळतोय, पण किमतीत जवळपास दुपटीचा फरक आहे आणि दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत. बसवण्याआधी चांगला कोणता हे कसं ओळखायचं?
– पिकअपमालक, सांगोला

चकाकीकडे बघूच नका. बॉडी चकचकीत करायला काही मिनिटं पुरतात. 'रीकंडिशन' या एकाच नावाखाली बाजारात तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. एक, मूळ कंपनीने जुना इंजेक्टर परत घेऊन, झिजणारे भाग बदलून, कारखान्यात तपासून दिलेला. बॉशच्या अशा इंजेक्टरांचे नंबर ०९८६ ४३५ ने सुरू होतात. त्यांच्या नव्या कॉमन रेल इंजेक्टरांचे हलक्या गाड्यांसाठी ०४४५ ११० आणि जड गाड्यांसाठी ०४४५ १२० ने. दोन, चांगल्या लॅबने नवीन नोझल (फवाऱ्याचं टोक) आणि नवीन व्हॉल्व्ह सेट घालून बेंचवर, म्हणजे तपासणीच्या मशीनवर, तपासलेला. तीन, नुसता उघडून, धुऊन, ओ-रिंगा बदलून परत बंद केलेला. किमतीत दुपटीचा फरक असेल, तर तो बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातला असतो. त्यामुळे पहिला प्रश्न विचारायचा तो हा : व्हॉल्व्ह सेट नवा घातला का, कोणत्या मेकचा, आणि जुना कुठे आहे? काम खरोखर केलं असेल तर जुने व्हॉल्व्ह आणि नोझल दाखवायला कोणाची हरकत नसते.

व्हॉल्व्हवर एवढा भर का, ते तुमच्याच तक्रारीवरून कळेल. सोलेनॉइड (विजेच्या कॉइलवर चालणाऱ्या) इंजेक्टरमध्ये बारीकशी गोळी एका सीटवर बसून वरच्या कप्प्यातलं डिझेल अडवून धरते. हजार-दीड हजार बार दाबाखाली डिझेलबरोबर बारीक कचरा त्या सीटवरून जात राहिला की सीट कापली जाते, तिच्यात चर पडते. मग गोळी बसलेली असली तरी डिझेल त्या चरेतून सतत रिटर्नला जातं. सेल्फवर इंजिन हळू फिरतं, हाय प्रेशर पंप थोडंच डिझेल देतो, आणि रेलमध्ये साधारण २०० बार दाब झाल्याशिवाय ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडत नाही. पंपाने दिलेलं सगळं रिटर्नलाच गेलं तर हा दाब होणार कुठून? धुण्याने कचरा निघतो, चर बुजत नाही. नव्या गोळीखाली जुनी सीट ठेवली तरी तीच गत. दोन्ही एकत्रच बदलावे लागतात.

दुसरी मागणी म्हणजे टेस्ट रिपोर्ट. प्रत्येक इंजेक्टरचा वेगळा, मशीनमधून छापून निघालेला, त्यावर पार्ट नंबर आणि तारीख असलेला. बिलाच्या मागे पेनने लिहिलेलं 'चारही ओके' म्हणजे रिपोर्ट नव्हे. चाचणी गाडीच्या डिझेलवर न करता आयएसओ ४११३ दर्जाच्या टेस्ट ऑइलवर, ते सुमारे ४० अंश सेल्सिअसला स्थिर ठेवून करतात. तेल थंड असेल तर ते घट्ट राहतं, गळती कमी दिसते आणि बाद होणारा इंजेक्टर पास होऊन जातो.

रिपोर्टात साधारण पाच गोष्टी दिसल्या पाहिजेत. पहिली, गळती : पल्स (इंजेक्टर उघडणारा विजेचा इशारा) न देता पूर्ण दाब दिल्यावर नोझलच्या टोकाला थेंब येता कामा नये आणि रिटर्न मर्यादेत हवा. पुढच्या चार म्हणजे फुल लोड, मधला लोड, आयडल आणि प्री-इंजेक्शन (मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा). या प्रत्येक टप्प्याला त्या पार्ट नंबरसाठी ठरलेला दाब आणि पल्सची लांबी असते. त्यात एका स्ट्रोकला किती घन मिलिमीटर डिझेल बाहेर पडलं ते मोजतात, फुल लोडला रिटर्नही मोजतात. नेमका आकडा पार्ट नंबरप्रमाणे बदलतो, म्हणून मोजलेल्या आकड्याशेजारी मर्यादा छापलेली आहे का ते बघा. मर्यादेशिवाय आकड्याला अर्थ नाही.

पुष्कळ जण फुल लोडचा आकडा बघून समाधान मानतात. खरी गंमत आयडल आणि प्री-इंजेक्शनच्या ओळीत असते. समजा आयडलची मर्यादा ४ अधिक-उणे २ घन मिलिमीटर आहे. एक इंजेक्टर ५·८ देतो, दुसरा २·३. दोघांपुढेही 'पास' लिहिलेलं असेल, पण एका सिलिंडरला दुसऱ्याच्या अडीचपट डिझेल मिळतंय. ईसीयू काही प्रमाणात सांभाळून घेईल, तरीही गाडी आयडलला थरथरेल. म्हणून चारही रिपोर्ट शेजारी ठेवून प्रत्येक ओळ आडवी वाचा. चारही मर्यादेच्या मध्याजवळ आणि एकमेकांजवळ असतील, तर तो खरा सेट. एखादा एका कडेला आणि दुसरा दुसऱ्या कडेला असेल, तर जुळवून द्यायला सांगा. चांगली लॅब आर्मेचरची लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग किती वर उचलला जातो ते अंतर) आणि शिम (पातळ चकती) बदलून हे जुळवते. लिफ्ट मिलिमीटरच्या काही शतांशांतच असल्यामुळे शिममधला किंचित फरकही आकड्यात लगेच उमटतो.

आता डोळ्यांनी करायची तपासणी. भिंग आणि टॉर्च घ्या.

बॉडीवरचा नंबर रिपोर्टावरच्या आणि तुमच्या जुन्या इंजेक्टरच्या नंबराशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला पाहिजे. शेवटचे तीन आकडे वेगळे असतील तर नोझल वेगळं असू शकतं, आणि 'बसतो ना' हा काही पुरावा नव्हे. नोझलवर छापलेला डीएलएलए नंतरचा आकडा हा फवाऱ्याचा कोन असतो. उदाहरणार्थ, १५० च्या जागी वेगळ्या कोनाचं नोझल गेलं तर डिझेल पिस्टनच्या वाटीत पडण्याऐवजी कडेला लागतं. मग काळा धूर निघतो, आणि सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरलेलं डिझेल ऑइलमध्ये मिसळतं.

नोझल नटवर पाइप पान्याचे दात उमटले असतील तर तो इंजेक्टर घेऊ नका. हे काम फिक्स्चरमध्ये, ठरलेल्या टॉर्कला होतं. नट कमी आवळला तर आतून गळतो. जास्त आवळला तर नोझलची बॉडी दबते आणि सुई अडकते. नोझलचं टोक निळसर पडलं असेल तर ते तापून गेलेलं आहे, म्हणजे नोझल जुनंच आहे. टोकावर वायर ब्रशचे ओरखडे दिसले तरी तोच निष्कर्ष. कॉपर वॉशर जिथे बसतो ती कड सपाट हवी. पाइप बसतो त्या कोनावर खाच नको. कनेक्टरच्या पिना सरळ हव्यात. आणि इनलेट, रिटर्न, नोझल या तिन्ही ठिकाणी टोप्या असल्याच पाहिजेत. उघडा इंजेक्टर वर्तमानपत्रात गुंडाळून देणाऱ्या दुकानाला स्वच्छतेचं काय पडलंय, ते तुम्हीच ठरवा.

आमचे मेकॅनिक मल्टिमीटर लावून 'ओहम बरोबर आहे, इंजेक्टर चांगला' म्हणतात. हे पुरेसं आहे का?
– टेम्पोचालक, चाकण

नाही. त्यावरून कॉइल तुटलेली नाही, एवढंच कळतं. बहुतेक गळके इंजेक्टर या परीक्षेत पास होतात, कारण व्हॉल्व्ह सीट कापली गेली तरी कॉइलचा रोध तोच राहतो.

तरीही मोजायचं असेल तर नीट मोजा. बॉशच्या सोलेनॉइड इंजेक्टरचा रोध साधारण ०·२ ते ०·४ ओहम असतो, आणि साध्या मीटरच्या वायरींचाच रोध जवळपास तेवढा भरतो. आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून येणारा आकडा वजा करा. मग एक टोक पिनला आणि एक बॉडीला लावा. तिथे जोड दिसताच कामा नये. पिझो इंजेक्टरची (कॉइलऐवजी स्फटिकावर चालणाऱ्या) गोष्ट निराळी : त्यात आकडा शे-दोनशे किलोओहममध्ये येतो, आणि चालू इंजिनवर त्याचा कनेक्टर कधीही काढायचा नसतो.

'टक' आवाज ऐकण्यासाठी सरळ बॅटरी लावायची एक पद्धत काही गॅरेजांत दिसते. ती बंद करा. ०·३ ओहमच्या कॉइलला १२ व्होल्ट म्हणजे ४० अँपियर. ईसीयू सुमारे २० अँपियर देतो, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळ. बॅटरीने कॉइल जळते, आणि चांगला इंजेक्टर तपासतातपासताच बाद होतो.

ट्रॅक्टरचे मेकॅनिकल नोझल रीकंडिशन करून आणले आहेत. शेजारच्या गावात हाताचा नोझल टेस्टर आहे. त्यावर काय काय बघावं?
– द्राक्षबागायतदार, निफाड

मेकॅनिकल इंजेक्टरला हा टेस्टर उत्तम. मालमोटारी आणि ट्रॅक्टरवाले आजही नोझलला 'मायकोचं नोझल' म्हणतात. मायको म्हणजे आताची बॉश, आणि तिचा नोझल-इंजेक्टरचा कारखाना तुमच्या नाशिकलाच आहे. तेव्हा अस्सल नोझलसाठी तुम्हाला फार लांब जायला नको.

टेस्टरमध्ये स्वच्छ टेस्ट ऑइल भरा. गेजचा कॉक बंद करून हँडल पाच-सहा वेळा जोरात मारा, म्हणजे आतली हवा निघेल. मग कॉक उघडून हँडल अगदी सावकाश दाबा. काटा चढत जाईल आणि नोझल उघडताच एकदम खाली येईल. तो ज्या आकड्यावरून पडला, तो उघडण्याचा दाब. किर्लोस्करच्या ५ एचपी पंप इंजिनात तो २०० बारच्या आसपास असतो. ट्रॅक्टरांत मॉडेलप्रमाणे बदलतो, तुमच्या पुस्तकात बघा. कमी असेल तर स्प्रिंगवर शिम घालतात. ०·१ मिलिमीटर शिमने दाब ढोबळमानाने १० ते १४ बार वाढतो. काही जुन्या होल्डरमध्ये शिमऐवजी स्क्रू आणि लॉकनट असतो. नवीन स्प्रिंग सुरुवातीला थोडी बसते, म्हणून नवीन स्प्रिंग घातली असेल तर दाब ५ ते १० बार वरच ठेवा. सगळ्या सिलिंडरांमध्ये आपसात ५ बारपेक्षा जास्त तफावत नको. दाब कमी राहिला तर डिझेल लवकर आणि जाड थेंबांनी पडतं, इंजिन ठोकतं; जास्त झाला तर उशिरा पडतं.

पुढे गळती. टोक पुसून कोरडं करा आणि उघडण्याच्या दाबाच्या २० बार खाली काटा १० सेकंद धरून ठेवा. टोक ओलसर झालं तर चालतं, थेंब सुटला तर नोझल बाद. थेंब सोडणारं नोझल इंजिनात टोकावर कार्बन जमवतं आणि काही दिवसांत त्याची भोकं बुजतात. हँडल सोडून काटा किती हळू उतरतो तेही बघा. झरकन पडला तर सुई आणि बॉडीमधली फट वाढलेली आहे, मग नोझल नवीन असल्याचं कोणी कितीही सांगो.

शेवटी फवारा. हँडल झटक्याने मारल्यावर कर्र असा आवाज येऊन धुक्यासारखा फवारा पडला पाहिजे. भोकांच्या नोझलखाली कागद धरा आणि डाग मोजा : भोकं चार असतील तर डाग चारच आणि सारख्या अंतरावर. एक डाग पुसट म्हणजे ते भोक अर्धं बुजलेलं. कागद चिमट्यात धरा, हातात नको. २०० बारचा फवारा कातडीतून आत शिरतो. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आत डिझेल पसरून बोट गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर सूज यायची वाट न बघता लगेच रुग्णालय गाठा आणि 'दाबाखालचं तेल आत गेलंय' असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

एक महत्त्वाचं. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम ४ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम लागू झाला, आणि त्यातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांत कॉमन रेल आलं. तुमचा ट्रॅक्टर तसा असेल तर हा टेस्टर उपयोगाचा नाही. कॉमन रेलच्या सुईवर वरून आणि खालून दोन्हीकडून दाब असतो. विजेचा पल्स मिळून वरचा दाब सुटल्याशिवाय ती उठतच नाही, हँडल कितीही मारा.

इंजेक्टरवरचा कोड स्कॅनरने टाकला नाही तरी गाडी चालते, असं ऐकलं. मग कोड कशाला?
– वाचक, इचलकरंजी

चालते, पण नीट नाही. कोड म्हणजे त्या एका इंजेक्टरचा स्वभाव : कोणत्या दाबाला तो ठरलेल्यापेक्षा किती कमी-जास्त डिझेल देतो, याचा हिशेब. बॉशचा कोड बहुतेक गाड्यांत सात अक्षरांचा, डेल्फी या दुसऱ्या कंपनीचा १६ किंवा २० चा असतो. डेल्फीच्या गाड्यांत कोड चुकला की आयडलचा ठोका आणि धूर चटकन जाणवतो.

रीकंडिशनच्या बाबतीत मुद्दा असा की नोझल आणि व्हॉल्व्ह बदलल्यावर इंजेक्टरचा स्वभावच बदलतो. म्हणजे बॉडीवर कोरलेला जुना कोड निकामी झाला. नवा कोड बेंचवरच्या मोजमापातून निघतो आणि तो रिपोर्टावर किंवा स्टिकरवर मिळायला हवा. लॅब 'जुनाच कोड टाका' म्हणाली, तर एक तर तिच्या बेंचला कोड काढता येत नाही, नाहीतर भाग बदललेलेच नाहीत. दोन्हींत तोटा तुमचाच. कोणता इंजेक्टर कोणत्या सिलिंडरला बसला ते बसवतानाच लिहून ठेवा. अदलाबदल झाली तर बरोबर कोडही चुकीचा ठरतो. काही गाड्यांत यानंतर स्कॅनरने प्री-इंजेक्शनचं लर्निंगही करावं लागतं.

चांगल्या लॅबचे, रिपोर्टसह इंजेक्टर बसवले. दोन महिन्यांत दोन परत गळू लागले. लॅबने फसवलं का?
– मिनीबसमालक, रत्नागिरी

शक्य आहे, पण आधी आपल्या टाकीकडे बघा. पहिले इंजेक्टर कशामुळे गेले हे शोधल्याशिवाय दुसरे बसवले की तेही त्याच वाटेने जातात.

डिझेल फिल्टर काढून कापा, कागद पांढऱ्या ताटात पिळा आणि तळाच्या गाळात चुंबक फिरवा. चुंबकाला चंदेरी भुकटी चिकटली तर हाय प्रेशर पंप स्वतःच झिजून लोखंड सोडतोय. अशा वेळी पंप, रेल, पाइप आणि टाकी यांची साफसफाई न करता घातलेला कितीही चांगला इंजेक्टर थोड्याच दिवसांचा सोबती. ताटात पाण्याचे थेंब वेगळे झाले किंवा तांबूस गंज दिसला, तर दोष पाण्याचा. कोकणातल्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या भिंतीवर पाणी धरतं. फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू पावसाळ्यात आठवड्याला एकदा उघडत जा. भेसळीच्या डिझेलमध्ये रॉकेल असेल तर वंगण कमी पडतं आणि पंप-इंजेक्टर दोन्ही घासतात.

दुसरी शक्यता बसवण्यातली. जुना कॉपर वॉशर कधीकधी भोकाच्या तळाशी चिकटून राहतो आणि त्यावर नवा चढतो. नोझल वर राहतं, फवारा चुकीच्या जागी पडतो, बेंचवर पास झालेला इंजेक्टर गाडीत धूर काढतो. टॉर्चने आत बघून, तार वाकवून जुना वॉशर ओढून काढा. नवा वॉशर मूळ जाडीचाच हवा. १·५ च्या जागी २ मिलिमीटरचा चालत नाही. सीट साफ केली नाही किंवा क्लँपचा बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळला नाही, तर ज्वलनाचा वायू बाजूने वर येतो, 'फस फस' आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. त्या उष्णतेनेही इंजेक्टर जातो, आणि हा दोष लॅबच्या माथी मारता येत नाही.

गाडीवर चार बाटल्या लावून रिटर्न मोजण्याची चाचणी करून घ्या, मात्र ती फक्त तुलना दाखवते. चारही सारखेच गळत असतील तर चारही बाटल्या सारख्याच भरतात आणि सगळं आलबेल वाटतं. हाय प्रेशर पाइपचा नट चालू इंजिनवर ढिला करून 'मिसिंग' शोधायची जुनी सवय कॉमन रेलवर जीवघेणी आहे.

नुसतं अल्ट्रासॉनिक क्लीनिंग केलं तर इंजेक्टर सुधारतो का?
– वाचक, परभणी

भोकं कार्बनने बुजली असतील तर फवारा सुधारतो. झीज भरून येत नाही. क्लीनिंगनंतर बेंचवर घातलाच नसेल, तर काय सुधारलं हे करणाऱ्यालाही माहीत नसतं.

चारपैकी एकच खराब आहे. एकच बदलू का?
– वाचक, अकोला

बाकीचे तीन बेंचवर तपासून मर्यादेच्या मध्याजवळ निघाले तर खुशाल एकच बदला. न तपासता नको.

दुकानदार जुने इंजेक्टर जमा करून घेतो आणि वॉरंटी देतो. काय सांभाळावं?
– वाचक, मडगाव

जुना सेट देण्याआधी चारही नंबरांचे फोटो काढा. नव्या सेटच्या नटवर लॅब रंगाची खूण किंवा सील लावते, तिचाही फोटो ठेवा. ती तुटली की वॉरंटी गेली. बिलावर 'इंजेक्टर रिपेअर' एवढंच नको : पार्ट नंबर, बदललेले भाग आणि रिपोर्टचा क्रमांक लिहून घ्या. नव्या सेटने गाडी दोन-चार दिवस नीट चालेपर्यंत जुने इंजेक्टर ताब्यात ठेवता आले तर उत्तमच. अनामत थोडी जास्त पडते, पण वाद झाला तर जुने इंजेक्टर हाताशी असतात.

सेट आणलाय, पण इंजिनाचं काम लांबलंय. कसा ठेवू?
– वाचक, लातूर

टोप्या काढू नका, पेट्रोलने किंवा पाण्याने धुऊ नका. आत उरलेलं टेस्ट ऑइलच त्याला गंजापासून जपतं. मूळ पिशवीत, कोरड्या जागी ठेवा. सहा महिन्यांच्या वर गेला तर बसवण्याआधी निदान गळतीची चाचणी पुन्हा करून घ्या.